एक दिवसाचे महाराज : पॅट्रिक गेडीस

संगणकाचा विषय शिकवणाऱ्या माणसाने आपल्या विद्यार्थ्यांना एका वनस्पतिशास्त्रज्ञाचे चरित्र वाचायला सांगावे, हे पुष्कळांना विचित्र वाटते. परंतु सॉफ्टवेअरची रचना करताना कोठे घसरायला होते हे ज्याला समजून घ्यावयाचे आहे, त्याला मी गेली अनेक वर्षे सर पॅट्रिक गेडीस यांचेच नाव सुचवीत आलो आहे. १९३२ साली गेडीस वारले तेव्हा आजच्या अर्थाचा संगणक जन्मालाही आला नव्हता. त्यांचे काम शहरांचे होते. माझे महाविद्यालयीन शिक्षण इंदूरला झाले आणि त्या शहराविषयी त्यांनी लिहिलेला अहवाल तेथेच प्रथम माझ्या वाचनात आला. पुढे प्रोग्रॅम लिहिणे आणि शिकवणे हाच व्यवसाय झाल्यावर त्या अहवालाची मला वारंवार आठवण होत गेली.

शहर आणि सॉफ्टवेअर यांचा हा संबंध मी ओढूनताणून जोडीत नाही. क्रिस्टोफर अलेक्झांडर या वास्तुशास्त्रज्ञाने गुजरातेतील एका खेड्याचा अभ्यास केला आणि १९६४ साली रचनाशास्त्रावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. १९७७ साली त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी घरे, गल्ल्या व वस्त्या बांधताना पुनःपुन्हा उभ्या राहणाऱ्या प्रश्नांची आणि त्यांच्या उत्तरांची एक पद्धतशीर मांडणी केली. संगणकक्षेत्रातील मंडळींनी ती कल्पना उचलली, आणि १९९४ साली चार लेखकांनी मिळून ‘डिझाइन पॅटर्न्स’ हे पुस्तक लिहिले. आजही आपल्या अभ्यासक्रमात ते असते. म्हणजे वस्ती वसविणाऱ्याचे शहाणपण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या कामी येते, हे त्या क्षेत्राने कधीच मान्य केलेले आहे. अलेक्झांडरच्या कितीतरी आधी, आणि आपल्याच देशात, हे शहाणपण ज्यांनी प्रत्यक्ष वापरून दाखविले ते गेडीस.

त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलटर या गावी झाला. वडील सैन्यात होते. बालपण पर्थ या गावाजवळ, बागेत आणि डोंगरउतारावर गेले. वनस्पतिशास्त्र शिकण्यासाठी त्यांनी एडिंबरोच्या विद्यापीठात नाव घातले आणि आठवड्याभरातच तेथून काढता पाय घेतला. नंतर लंडनला थॉमस हेन्री हक्सली या विख्यात जीवशास्त्रज्ञाच्या हाताखाली ते शिकले. पदवी मात्र त्यांनी कधीच घेतली नाही. परीक्षेच्या तोंडावर असलेल्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट अनुकरणीय म्हणून मी सांगत नाही!

१८७९ साली संशोधनासाठी ते मेक्सिकोला गेले असता त्यांची दृष्टी गेली. उपचार म्हणून त्यांना कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत बसून राहावे लागले. ज्याचे सारे शास्त्रच डोळ्यांनी पाहण्याचे, त्या पंचविशीतल्या तरुणाची त्या खोलीत काय अवस्था झाली असेल याची कल्पना करावी. एके दिवशी खिडकीच्या तावदानांवरून हात फिरवताना बोटांना चौकटी लागल्या, आणि त्यांना सुचले की विचारसुद्धा असे चौकटींत मांडता येतील. कागदाला घड्या पाडायच्या, प्रत्येक घरात एक कल्पना धरायची, आणि शेजारच्या घराशी तिचा काय संबंध येतो ते तपासायचे. या घडीच्या कागदांना ते विचारयंत्रे म्हणत. दृष्टी परत आली, पण सूक्ष्मदर्शकाचे काम पूर्वीसारखे जमेना. घड्यांचा नाद मात्र जन्मभर टिकला. स्थळ, काम आणि लोक ही त्यांची आवडती त्रयी याच कागदांवर वाढली. कोणत्याही गावाचा विचार या तिन्हींचा मिळून करायचा, त्यातले एक जरी सुटले तरी उत्तर चुकणार, असा त्यांचा सिद्धान्त होता.

आपल्या विषयातली पहिली ठेच नेमकी येथे लागते. आम्ही बहुधा चौथीच गोष्ट आधी धरतो, ती म्हणजे साधन. कोणती भाषा वापरायची, कोणता डेटाबेस घ्यायचा, यावर दोन दोन दिवस वाद होतात. ते वापरणार कोण, कोणत्या कामासाठी, कोणत्या परिस्थितीत, हे विचारायचे राहून जाते.

१८८६ साली गेडीस यांचा ॲना मॉर्टन यांच्याशी विवाह झाला. लवकरच या जोडप्याने एडिंबरोच्या जुन्या भागातील जेम्स कोर्ट या गलिच्छ, दाटीवाटीच्या चाळवजा वस्तीत बिऱ्हाड केले. सुखवस्तू माणसे तेथून बाहेर पडत होती, हे दोघे आत शिरले. त्यांनी शेजाऱ्यांना बरोबर घेऊन भिंती धुतल्या, रंगवल्या, खिडक्यांत फुलझाडे लावली. अगदीच मोडकळीस आलेला भाग तेवढा पाडून उजेडाला वाट करून दिली, आणि बाकीची वस्ती राहू दिली. १८९२ साली त्यांनी जवळच एक उंच इमारत घेऊन तिचे ‘आउटलुक टॉवर’ केले. गच्चीवरून सारे शहर पाहायचे आणि मग एकेक मजला उतरत आधी शहर, मग देश, मग खंड आणि शेवटी जग असा अभ्यास करायचा, अशी तेथील व्यवस्था होती. निदानाआधी औषध नको, पाहणीआधी आराखडा नको, हा नियम त्यांनी तेथे घालून घेतला. १८८८ पासून ते डंडीच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. परंतु त्यांचा जीव शहरांत गुंतलेला होता.

नियम घालून घेणारा माणूस स्वतः कधी घसरत नाही असे मात्र नव्हे. १९०३ साली डनफर्मलिन या गावातील एका उद्यानाची आखणी करण्याचे काम त्यांच्याकडे आले. मागणी उद्यानाची होती. गेडीस यांनी १९०४ साली जो ग्रंथ सादर केला त्यात उद्यानाबरोबर संग्रहालये, कलागृहे, कारागिरांच्या शाळा अशी साऱ्या गावाच्या सांस्कृतिक जीवनाची मांडणी होती. ग्रंथ उत्तम, पण विश्वस्तांनी तो स्वीकारला नाही. मागितले त्याहून दसपट देऊ करणे हे औदार्य वाटते, आणि म्हणूनच ती चूक ओळखू येत नाही. आमच्याकडे पावत्या छापणारा साधा प्रोग्रॅम मागितलेला असतो. आम्ही उद्या लागेल, परवा लागेल म्हणून त्यात शंभर सोयी घालीत बसतो आणि पावती काही छापून होत नाही. फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ साली आपल्या प्रसिद्ध पुस्तकात बजावून ठेवले आहे की रचनाकाराचे दुसरे काम सर्वांत धोक्याचे, कारण पहिल्या वेळी मागे ठेवलेली सारी हौस तो त्यात ओततो.

१९१४ साली गेडीस साठ वर्षांचे होत असताना हिंदुस्थानात आले. नगररचनेचे त्यांचे मोठे प्रदर्शन, म्हणजे वर्षानुवर्षे गोळा केलेले नकाशे, चित्रे व तक्ते, मागाहून ‘क्लॅन ग्रँट’ या बोटीने निघाले होते. ऑक्टोबर १९१४ मध्ये ‘एमडन’ या जर्मन युद्धनौकेने ती बोट बुडवली. जन्माची कमाई समुद्राच्या तळाशी गेली आणि तिची दुसरी प्रत नव्हती. इंग्लंडमधील मित्रांनी धावपळ करून नवा संग्रह जमवला आणि जानेवारी १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन उघडले म्हणून निभावले. प्रोग्रॅमची दुसरी प्रत दुसऱ्या जागी ठेवा असे आम्ही वर्गात सांगतो तेव्हा विद्यार्थी हसतात. बोट बुडण्याची शक्यता त्यांना दूरची वाटते.

त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत त्यांनी या देशातील अनेक शहरांची पाहणी केली. मद्रास इलाख्यातील बळ्ळारी, तंजावर आणि मदुरा ही त्यांपैकी पहिली. आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना बळ्ळारीचा उल्लेख जवळचा वाटेल. हातात काठी घेऊन ते उन्हातान्हात पायी गल्लीबोळ फिरत. तेव्हाच्या सुधारणेची रूढ रीत अशी, की दाट वस्तीवर कागदावर फूटपट्टी ठेवून रुंद सरळ रस्ता ओढायचा आणि त्याखाली येतील ती घरे पाडायची. घर गेलेली माणसे शेजारच्या वस्तीत शिरत आणि ती अधिकच दाटे. एका ठिकाणचा रोग दुसऱ्या ठिकाणी जाई, वर खर्च प्रचंड. गेडीस यांनी तंजावरात त्याच नकाशावर दाखवून दिले की पडकी घरे तेवढी काढली, एखादा चौक मोकळा केला, एक बोळ थोडा रुंदावला, झाड आणि विहीर राखली, तर हवा-उजेड मिळतो, माणसे उठत नाहीत आणि खर्च कितीतरी कमी येतो. कमीत कमी कापणाऱ्या शल्यविशारदाची ही रीत होती.

जुन्या प्रोग्रॅमपुढे बसलेल्या तरुणाचा हात प्रथम फूटपट्टीकडेच जातो. हे सगळे गचाळ आहे, पाडून नव्याने लिहू, असे त्याला वाटते. पण त्या वेड्यावाकड्या बोळांतले प्रत्येक वळण कोणत्या तरी खऱ्या अडचणीसाठी पडलेले असते. कोणा ग्राहकाचा अपवाद असतो, कोठे यंत्राचा दोष असतो, एखादा सरकारी नियम असतो. पाडताना हे सारे ज्ञानही पाडले जाते. नेटस्केप या कंपनीने १९९८ साली आपला गाजलेला ब्राउझर मुळापासून नव्याने लिहायला घेतला. पाचवी आवृत्ती कधी निघालीच नाही. सहावी यायला २००० साल उजाडले, आणि तोवर बाजार दुसऱ्याच्या हाती गेला होता.

उलट बाजूची चूकही तितकीच घातक असते. एका गावाचा आराखडा दुसऱ्या गावावर तसाच घालणे गेडीस यांना मुळीच मान्य नव्हते. ४ जून १९९६ रोजी युरोपचे ‘आरियान ५’ हे नवे रॉकेट उड्डाणानंतर मिनिटभराच्या आत नष्ट झाले. त्यात जुन्या ‘आरियान ४’ रॉकेटचा प्रोग्रॅमचा एक भाग जसाच्या तसा घेतला होता. नव्या रॉकेटचा वेग वेगळा होता. एक संख्या ठेवलेल्या जागेत मावली नाही आणि दिशा सांगणारी यंत्रणाच बंद पडली. तो भाग आपल्या मूळ घरी निर्दोष होता. परगावी नेताना तेथली पाहणी कोणी केली नाही.

१९१७ हे वर्ष गेडीस यांच्या आयुष्यातील सर्वांत काळे वर्ष ठरले. एप्रिलमध्ये थोरला मुलगा ॲलस्डेअर फ्रान्समधील रणभूमीवर मारला गेला. वडिलांच्या कामाचा खरा वारस तोच होता. पत्नी ॲना तेव्हा हिंदुस्थानातच आजारी होत्या. त्यांना हा आघात सोसणार नाही म्हणून गेडीस यांनी बातमी त्यांच्यापासून लपवून ठेवली. जूनमध्ये ॲनाही कलकत्त्यास वारल्या. तीस वर्षे ज्या बाईने त्यांच्या साऱ्या विस्कळीत उद्योगांना आकार दिला होता ती गेली. अशा मनःस्थितीत त्यांनी इंदूरचे काम हाती घेतले.

इंदुरात तिसऱ्या तुकोजीराव होळकरांची कारकीर्द होती. गिरण्या वाढत होत्या, वस्ती वाढत होती, आणि प्लेग दरवर्षी बळी घेत होता. गेडीस राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांतून, कान्ह व सरस्वती या नद्यांच्या काठाकाठाने फिरू लागले. खर्चिक भुयारी गटारांची योजना चर्चेत होती. गटारे शहरासाठी असावीत, शहर गटारांसाठी नसावे, अशी भूमिका घेऊन त्यांनी तिची कसून तपासणी केली. मैल्याचे खत करून बागा फुलवाव्यात, नदीकाठ स्वच्छ करून लोकांना परत द्यावेत, असे त्यांनी सुचवले. नळ आल्यावर विहिरी बुजवून टाकण्याची तेव्हा टूम होती, तिलाही त्यांनी विरोध केला. कोणतीही नळयोजना केव्हा ना केव्हा बंद पडणारच. त्या दिवशी विहीर हा गावाचा विमा ठरतो, असे त्यांचे म्हणणे होते. एकाच सर्व्हरवर सारा कारभार टाकून जुनी पर्यायी व्यवस्था मोडून टाकणाऱ्यांनी इंदूरच्या त्या विहिरींचा विचार करावा.

फिरताना मात्र त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. लोक त्यांना पाहून दूर सरत, दारे लावून घेत. हा साहेब घरे पाडायला आणि प्लेग आणायला आला आहे, अशी समजूत पसरली होती. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या निमित्ताने घराघरांत शिरलेल्या सोजिरांचा इतिहास आपणा मराठी वाचकांना ठाऊक आहे. इंदूरकरांची भीती निराधार नव्हती. गेडीस यांनी तिला अडाणीपणा म्हणून झटकून टाकले नाही. आराखडा कितीही निर्दोष असला तरी लोक भीत असतील तर तो आराखडाच अपुरा आहे, असे त्यांनी मानले. ते दरबाराकडे गेले आणि एक दिवसाचे महाराज होण्याची परवानगी मागून आले.

दिवाळी जवळ आली होती. दवंडी पिटवली गेली की यंदाची मिरवणूक नेहमीच्या हिंदूंच्या किंवा मुसलमानांच्या ठरलेल्या वाटेने जाणार नाही. ज्या गल्लीतील घरे सर्वांत स्वच्छ व नीट केलेली असतील त्या गल्लीतून जाईल. केरकचरा फुकट उचलून नेण्याची सोय झाली. सारे शहर झाडायला, सारवायला, रंगवायला लागले. परसातली वर्षांची घाण गाड्या भरभरून बाहेर पडली, उंदीर पकडले गेले. दिवाळीच्या दिवशी मिरवणुकीत आधी हत्ती, घोडे आणि पिकांचे देखावे, मग अक्राळविक्राळ घाणासुर, प्लेगचा भला मोठा उंदीर आणि हिवतापाचा डास निघाले. त्यांच्यामागून पांढरेशुभ्र नवे कपडे घातलेले, गळ्यात हार असलेले सफाई कामगार मानाने चालत होते. ज्यांची सावली टाळली जाई त्यांना राजाच्या मिरवणुकीत स्थान मिळाले. त्यांच्यामागे लक्ष्मी आणि पुढे होऊ घातलेल्या शहराच्या इमारतींच्या प्रतिकृती होत्या. घाणासुराचे दहन झाले. प्लेग ओसरला. त्यात ऋतुमानाचाही वाटा होता, पण लोकांची भीती गेली ती मात्र त्या मिरवणुकीने. पूर्वी पळणारी पोरे आता त्यांच्याभोवती गोळा होऊ लागली.

मला या प्रसंगात सर्वांत मोलाचा वाटतो तो मिरवणुकीच्या वाटेचा निर्णय. गेडीस यांनी घरोघर हुकूम पाठवले नाहीत. त्यांनी एकच नियम बदलला आणि काम लोकांच्या हौसेवर सोडले. वापरणाऱ्याला शंभर सूचना आणि धमक्या देणारा प्रोग्रॅम, आणि योग्य गोष्ट सहज करावीशी वाटेल असा प्रोग्रॅम, यांतला फरक याहून स्पष्ट करून सांगता येणार नाही.

१९१८ साली इंदूरचा अहवाल दोन खंडांत प्रसिद्ध झाला. दुसऱ्या खंडात त्यांनी इंदुरात विद्यापीठ कसे असावे याचे विवेचन केले होते. ते विद्यापीठ प्रत्यक्षात १९६४ साली आले. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचे गेडीस पहिले प्राध्यापक झाले. मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये या तरुणाची परदेशी शिक्षणासाठी त्यांनीच शिफारस केली. १९२४ पासून घुर्यांनी तो विभाग सांभाळला आणि या देशातील समाजशास्त्राचा पाया घातला. गेडीस यांनी १९२० साली जगदीशचंद्र बोस यांचे चरित्र लिहिले आणि १९२५ साली तेल अवीवचा आराखडा केला. फ्रान्समधील माँपेलिए येथे त्यांनी एक महाविद्यालय उभारायला घेतले होते. तेथेच १७ एप्रिल १९३२ रोजी त्यांचे निधन झाले. आधी एकदा नाकारलेला ‘सर’ हा किताब त्यांनी त्याच वर्षी स्वीकारला होता.

शेवटची ठेच त्यांना स्वतःलाच लागली आणि ती सांगितल्यावाचून चरित्र पुरे होणार नाही. गेडीस बोलत अखंड, लिहीत थोडे आणि जे लिहीत ते दुर्बोध असे. त्यांचे निम्मे ज्ञान त्यांच्या डोक्यात आणि उरलेले घडीच्या कागदांवर होते, आणि त्या घड्या दुसऱ्या कोणाला उलगडत नसत. अमेरिकेतील त्यांचे शिष्य लुइस ममफर्ड यांनी कागदांचा तो ढीग निस्तरावा अशी त्यांची इच्छा होती. ममफर्ड यांना गुरूविषयी अपार आदर होता, पण ते ओझे काही त्यांनी उचलले नाही. इंदूरच्या अहवालातील पुष्कळ गोष्टी कागदावरच राहिल्या, त्याला पैशाची टंचाई जितकी कारण झाली तितकीच ही दुर्बोधताही झाली असावी. आपल्यामागे दुसरा कोणी हा प्रोग्रॅम वाचणार आहे, याची आठवण न ठेवता लिहिणारे हुशार लोक प्रत्येक कचेरीत असतात. ते नोकरी सोडून गेले की त्यांच्या हुशारीचे सर्वांना ओझे होते.

२०१७ पासून देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात इंदूर वर्षानुवर्षे पहिले येत राहिले. त्या दिवाळीला तेव्हा शंभर वर्षे होत होती. या दोन गोष्टींचा सरळ धागा जोडणे धाडसाचे होईल, आणि तो मी जोडीत नाही. पण दोन्ही वेळा घरोघरच्या माणसाने हात लावला तेव्हाच काम झाले, एवढे मात्र खरे.

विद्यार्थी मित्रांनो, यंदाच्या प्रकल्पाला बसाल तेव्हा पहिला आठवडा संगणक बंदच ठेवा. ज्यांच्यासाठी करायचे आहे त्या ग्रंथपालाच्या, दुकानदाराच्या किंवा पतपेढीच्या कारकुनाच्या शेजारी जाऊन बसा आणि तो आज हाताने काय करतो ते पाहा. त्याच्या वहीत समासात काही खुणा असतील, त्यांचा अर्थ त्याला विचारा. मग एका कागदाला घड्या पाडा.